दोन-दोन-तीनने हरीण मारावं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. ह्यूस्टनला येऊन तीन वर्षं झाली, एच-वन-बीवर आहात, बंदूक पहिल्यांदा हातात धरली ती इथेच. ऑफिसातल्या एकाने नोव्हेंबरात टेक्सासातल्याच लॅनोजवळच्या त्याच्या लीजवर, म्हणजे शिकारीसाठी भाड्याने घेतलेल्या जमिनीवर, बोलावलंय आणि स्वतःची .२२३ बोल्ट-अॅक्शन रायफल (प्रत्येक गोळीनंतर हाताने बोल्ट ओढायची) वापरायला देतोय. दुसरा म्हणतो, ती कायोटी (कोल्ह्यासारखं जनावर) मारायची बंदूक, हरणाला .३०८ पाहिजे. (हे आकडे म्हणजे कॅलिबर, साधारणपणे गोळीची जाडी, इंचात.) तिसऱ्याचे आजोबा म्हणे साध्या .२२नेच हरणं पाडायचे. ऐकायचं कोणाचं?

पहिल्याचं ऐका, पण तो मचाणात तुमच्या शेजारी बसणार असेल तरच. तिसऱ्याचं अजिबात ऐकू नका. दुसरा पूर्ण चूक नाही, त्याच्याकडे शेवटी येतो.

मी हिल कंट्रीत, म्हणजे लॅनोच्या आसपासच्या डोंगराळ भागात, वीसेक वर्षं शिकार करतोय. त्यातले निम्मे हंगाम .२२३ घेऊन बसलोय. सुरुवातीला हौस म्हणून, मग मुलीला शिकवायचं म्हणून, आणि आता खांद्याची तक्रार आहे म्हणून. या रायफलने हरणं स्वच्छ पाडलीत. एक हरीण हातचं घालवलंही आहे. तेही सांगणार आहे, कारण माझं खरं शिक्षण त्यात झालं.

आधी कागदपत्रं. तुम्ही नॉन-इमिग्रंट व्हिसावर आहात. संघीय कायद्यानुसार अशा माणसाने बंदूक बाळगायचीच नसते. त्याला काही अपवाद आहेत आणि त्यातला एक म्हणजे इथल्या कुठल्याही राज्याचा वैध शिकार परवाना. ‘रायफल कुठे माझी आहे, मी तर नुसती हातात घेणार’ असं समजू नका. हातात घेतली की तो ताबाच. म्हणून रेंजवर जायच्याही आधी परवाना काढा, खिशात ठेवा आणि व्हिसाचं काम बघणाऱ्या वकिलाला एक फोन करा. टेक्सासात २ सप्टेंबर १९७१ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला हंटर एज्युकेशनचा कोर्स लागतो. एकदा पुढे ढकलायची सवलत मिळते, पण घेऊ नका. कोर्स कंटाळवाणा नाही, आणि आपल्याकडे घरात बंदूक बघत कोणी वाढत नाही, तेव्हा आपल्याला तर तो हवाच.

(भारतातून वाचणाऱ्यांसाठी: हे सगळं टेक्सासचं आहे. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने चितळ, काळवीट, सांबर, भेकर यांच्या शिकारीला बंदी आहे आणि ती योग्यच आहे. शिकारीची परवानगी म्हणून इथलं काही तिकडे नेऊ नका.)

आता .२२ आणि .२२३. नवीन माणसाचा इथेच गोंधळ होतो, कारण दोन्ही गोळ्यांची जाडी जवळजवळ एकच, ५.७ मिलिमीटर. पेन्सिलीपेक्षा बारीक. फरक मागच्या दारूत आहे. .२२ लाँग रायफलची ४० ग्रेनची गोळी सेकंदाला सुमारे १,२०० फुटांनी निघते. .२२३ची ५५ ग्रेनची, म्हणजे साडेतीन ग्रॅमची, कारखान्याच्या आकड्यांनुसार ३,२४० फुटांनी. ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, त्यामुळे एकीकडे साधारण १३० फूट-पाउंड आणि दुसरीकडे १,२८०. दहापट. .२२ ही रिमफायर, म्हणजे काडतुसाच्या बुडाच्या कडेवर टोला बसून पेटणारी. टेक्सासात पांढऱ्या शेपटीच्या हरणावर कुठलंही रिमफायर काडतूस वापरणं बेकायदा आहे, मग ते .२२ मॅग्नम असो की .१७. आजोबांनी पाडली असतील, मी नाही म्हणत नाही. पण जी जखमी होऊन काटवनात जाऊन मेली त्यांची गोष्ट आजोबांनी सांगितली नसणार. .२२चा आवाज कमी, म्हणून रात्री रस्त्याच्या कडेला चोरून मारणाऱ्यांची ती लाडकी. एवढ्यावरून काय ते समजा.

.२२३ सेंटरफायर आहे, म्हणजे बुडाच्या मधोमध टोला बसून पेटणारी, आणि टेक्सासात चालते. पण हा निर्णय राज्याराज्यात बदलतो. व्हर्जिनियात हरणाला किमान .२३ लागते. कोलोरॅडोत .२४, शिवाय गोळीचं वजन आणि १०० यार्डांवरची ऊर्जा यांच्याही अटी. म्हणजे लॅनोत तुम्ही कायद्यात बसता आणि तीच रायफल गाडीत टाकून डेन्व्हरकडे गेलात आणि तिने हरीण मारलंत तर गुन्हेगार. ब्रिटनची गंमत तर आणखी. स्कॉटलंडमध्ये रो जातीच्या छोट्या हरणावर ५० ग्रेनची गोळी, २,४५० फूट वेग आणि १,००० फूट-पाउंड जमत असतील तर .२२३ चालते. सीमा ओलांडून इंग्लंडात आलात की त्याच रो हरणाला किमान .२४० आणि १,७०० फूट-पाउंड लागतात. तिथे .२२३ फक्त मंटजॅक आणि चायनीज वॉटर डिअर या बुटक्या जातींवर. मंटजॅक म्हणजे आपल्या भेकराचा चुलतभाऊ. हरीण सीमेवर कातडी बदलत नाही. पण चूक झाली तर जनावराला किती सोसायला लावायचं, याचा हिशेब प्रत्येक सरकारने आपापला मांडलाय.

हिशेबाचं मूळ असं. गोळीच्या ‘धक्क्याने’ हरीण पडतं हे खरं नाही. पाठीचा कणा किंवा मेंदू लागला तर जागेवर कोसळतं. एरवी हृदय किंवा दोन्ही फुफ्फुसं फुटली की मेंदूला रक्त कमी पडतं, मग पडतं. त्याला पाच-दहा सेकंद लागतात, आणि घाबरलेलं हरीण तेवढ्यात शंभर यार्ड सहज जातं. हे .३०८नेही होतं. दोन्ही फुफ्फुसांतून गेलेली .२२३ आणि दोन्ही फुफ्फुसांतून गेलेली .३०८, मरायला लागणाऱ्या वेळात मला फार फरक दिसलेला नाही. फरक पुढे दिसतो, माग काढताना. मोठी गोळी पलीकडून मोठं भोक पाडून बाहेर पडते, रक्त भळाभळा सांडत जातं. .२२३ पुष्कळदा पलीकडच्या कातडीखाली अडकते. आत जायचं भोक शेंगदाण्याएवढं, बाहेर पडायचं नाहीच. रक्त छातीच्या पिंजऱ्यातच साचतं आणि जमिनीवर पहिले तीस-चाळीस यार्ड थेंबसुद्धा नसतो. लॅनोच्या लालसर ग्रॅनाइटच्या खडीवर, सूर्य मावळल्यावर, थेंब शोधत फिरून बघा म्हणजे कळेल.

आता माझं घालवलेलं हरीण. .२२३ घेतल्याचा दुसराच हंगाम. रेंजवर जे काडतूस सुरेख बसत होतं तेच घेऊन गेलो, ५५ ग्रेनची प्लॅस्टिकच्या टोकाची गोळी. शंभर यार्डांवर तीन गोळ्या एका रुपयाच्या नाण्याखाली झाकत होत्या, त्याचा मला कोण अभिमान. संध्याकाळी मादी आली, किंचित माझ्याकडे तोंड करून, तिरकी. मी फऱ्यावर, म्हणजे खांद्यावर, नेम धरला आणि चाप ओढला. ती गुडघ्यावर आली, उठली आणि तीन पायांवर सीडरच्या झाडीत शिरली. कंदील घेऊन दोघं जण साडेदहापर्यंत शोधत होतो. सकाळी गिधाडं दिसली. कायोटींनी काम उरकलेलं होतं. फरा कापून बघितला. गोळी हाडावर आपटून फुटली होती, तिचे तुकडे मांसात दोन इंच पसरलेले, बरगड्यांच्या आत काहीच नाही. जखम बाहेरून भयानक होती आणि आतून फुसकी.

गोळीचा दोष नव्हता. ती बनवलीच होती कायोटी आणि प्रेअरी डॉगसाठी (बिळात राहणारा खारीच्या जातीचा प्राणी), लागताक्षणी फुटायला. डब्यावर तसं लिहिलेलंही होतं. मी वाचलं होतं ते फक्त ‘.२२३’ एवढंच.

त्यामुळे या रायफलबाबत कॅलिबरइतकाच, किंबहुना त्याहून जास्त, प्रश्न गोळीचा. .३०८च्या दीडशे ग्रेनच्या बहुतेक साध्या शिकारी गोळ्या हरणाला पुरतात. तिथे दुकानदाराने पुढे केलेला डबा उचललात तरी निभावतं. .२२३ची दुकानातली बहुसंख्य काडतुसं हरणासाठी नसतातच. काही लक्ष्यभेदाची, काही कायोटीची, काही लष्करी नमुन्याची. लष्करी, म्हणजे शिशाभोवती धातूचं पूर्ण कवच असलेली गोळी तर उलट टोकाची. बऱ्याचदा न पसरता सुईसारखी आरपार जाते आणि हरीण तासाभराने कुठेतरी मरतं. तुम्हाला हवी ती गोळी जी लागल्यावर पसरते पण विखुरत नाही. कवच आणि शिसं एकमेकांना जोडलेली बाँडेड, मध्ये आडभिंत असलेली पार्टिशन, किंवा अखंड तांब्याची. वजन ६० ते ६४ ग्रेन. तांब्याची असेल तर ५५ही चालते, कारण तिचं वजन सहसा झडत नाही. मी स्वतः ६२ ग्रेनची बाँडेड वापरतो. त्या मादीनंतर .२२३मधून दुसरं काही हरणावर झाडलेलं नाही. तांब्याच्या गोळीचा आणखी एक फायदा म्हणजे मटणात शिशाचा चुरा येत नाही. घरात लहान मुलं खाणार असतील तर तीच घ्या.

एक तांत्रिक अडचण यातच येते. जड गोळी लांब असते, तांब्याची तर वजनाच्या मानाने आणखीच लांब. लांब गोळी स्थिर ठेवायला नळीतला पीळ, म्हणजे गोळीला गरगर फिरवणाऱ्या आतल्या खाचांचा वळसा, घट्ट लागतो. जुन्या .२२३ बोल्ट-अॅक्शन रायफलींना बारा इंचांत एक फेरा असा सैल पीळ असे, तो ५५ ग्रेनपर्यंतच्या गोळ्यांसाठी. सहकाऱ्याची रायफल त्याच्या वडिलांच्या काळातली असेल तर ६२ ग्रेनची गोळी कागदावर आडवी लागलेली दिसू शकेल, गोल भोकाऐवजी किल्लीच्या भोकासारखी. नऊ किंवा आठ इंचांत एक असा पीळ असेल तर चिंता नाही. नळीवर बहुधा कोरलेलं असतं. आणि नळीवर ‘.२२३’ असेल तर त्यात ५.५६चं लष्करी काडतूस घालू नका. दिसायला जुळं भावंड, पण दाब जास्त आणि चेंबरचं, म्हणजे नळीत काडतूस बसतं त्या खोबणीचं, माप वेगळं.

.२२३ला इतकी पथ्यं असतील तर वापरायचीच कशाला? लाथ मारत नाही म्हणून. साधारण सात पौंडांच्या रायफलीत .२२३चा मागचा धक्का .३०८च्या पावपट किंवा त्याहूनही कमी असतो. ज्याला धक्क्याची भीती बसली तो चाप ओढायच्या क्षणी डोळे मिटतो, खांदा पुढे ढकलतो आणि गोळी पोटात जाते. पोटात लागलेल्या .३०८पेक्षा फुफ्फुसात लागलेली .२२३ हजारपट बरी. माझ्या मुलीला अकराव्या वर्षी मी .२२३ दिली. ती डोळे उघडे ठेवून गोळी लागताना स्कोपमधून, म्हणजे रायफलवरच्या दुर्बिणीतून, बघायची. मला .३०-०६ने ते अजूनही जमत नाही.

पण इथेच लोक घसरतात. धक्का नाही म्हणून ही रायफल नवख्याच्या हातात देतात, आणि या रायफलला हवा असतो तो माणूस जो समोर आलेलं हरीण सोडून देऊ शकतो. नवख्याला तेच जमत नाही. छाती धडधडत असते, तीन तास थंडीत बसलेला असतो, हरीण निघून जाईल ही धास्ती असते. माझी मुलगी सोडायची, कारण मी कानाशी ‘थांब’ म्हणत होतो. म्हणून सुरुवातीलाच म्हटलं की सहकारी शेजारी बसणार असेल तर.

कुठलं हरीण सोडायचं? तोंड तुमच्याकडे असलेलं, सरळ किंवा तिरकं, ते सोडा. .३०८वाला फरा फोडून आत जाऊ शकतो, तुम्ही जाऊ नका. पाठमोरं सोडा. चालतं सोडा. एकामागे एक उभी असतील तर सोडा. डोक्यावर आणि मानेवर नेम धरू नका. हरीण डोकं सतत हलवतं, आणि जबडा फुटलेलं हरीण उपासमारीने मरतं. घ्यायचं ते फक्त पूर्ण आडवं उभं असलेलं किंवा थोडं पलीकडे वळलेलं. पुढच्या पायाच्या मागच्या कडेने सरळ वर या, छातीच्या उंचीच्या खालच्या तिसऱ्या भागाच्या वर थांबा, फऱ्याच्या हाडाच्या किंचित मागे. तिथे दोन्ही फुफ्फुसं आहेत आणि वाटेत फक्त बरगड्या. थोडं पलीकडे वळलेलं असेल तर पलीकडचा पुढचा पाय मनात धरा आणि गोळी तिकडे निघाली पाहिजे अशा बेताने अलीकडची जागा निवडा.

अंतर १५० यार्डांच्या आत. १०० यार्डांवर नेम अचूक जुळवलेला असेल तर .२२३ची गोळी २०० यार्डांवर तीन-साडेतीन इंच खाली जाते, ते सांभाळता येईल. पण तिथे ताशी दहा मैलांचा आडवा वारा गोळीला चार-पाच इंच ढकलतो आणि वेगही इतका उतरलेला असतो की गोळी नीट पसरेल याची खात्री कमी होते. तुमच्या बाबतीत हा प्रश्न बहुधा येणारच नाही. लॅनोकडच्या लीजवर मका फेकणारा फीडर असतो, त्याच्यासमोर ८०-१०० यार्डांवर उंचावरची बसायची पेटी. हरीण येतं, मका खात उभं राहतं, फिरतं, पुन्हा आडवं होतं. तुम्हाला नळी टेकवायला खिडकीची चौकट असते. ही शिकार आहे का, यावर मोंटानाचे लोक टेक्सासवाल्यांची थट्टा करतात आणि ती मला थोडीफार पटतेही. पण छोट्या कॅलिबरसाठी याहून अनुकूल जागा दुसरी नाही. शिवाय हिल कंट्रीतली हरणं अंगाने लहान. आतडी काढल्यावर शंभर पौंडांचा नरसुद्धा तिथे चांगला मानतात. कॅनडाच्या सीमेवरचं पांढऱ्या शेपटीचं हरीण याच्या दुप्पट भरू शकतं, तिथे मी .२२३ नेणार नाही.

आणखी एक सांगतो, कारण तुम्हाला हे तिथे दिसणारच. फीडरवर अचानक चितळ येईल. आपलं चितळ, ठिपक्यांचं, ताडोब्यात बघितलेलं. १९३२ साली ती टेक्सासात आणली आणि पुढे कुंपणाबाहेर पसरली. इथे त्यांना ‘अॅक्सिस’ म्हणतात. परदेशी जनावर म्हणून त्यांना हंगामाचं बंधन नाही. शिकार परवाना आणि जमीनमालकाची हो, एवढं पुरतं. पहिल्यांदा समोर आलं तेव्हा मला चाप ओढवला नव्हता, लहानपणीची सहल आठवत राहिली. आता ओढतो. मटण हरणाहून कितीतरी सरस असतं, आमच्याकडे त्याचा तांबडा रस्सा होतो. पण नर चितळ तिथल्या हरणापेक्षा चांगलंच थोराड आणि चिवट. त्याच्यावर .२२३ नको. मादी आडवी, शंभर यार्डांच्या आत असेल तर मी घेतो. तुम्ही पहिल्या वर्षी तीही घेऊ नका.

गोळी झाडल्यावर पहिलं काम म्हणजे पुन्हा बोल्ट ओढून दुसरं काडतूस भरणं आणि स्कोपमधून नजर न काढणं. उभं असेल आणि आडवं असेल तर लगेच दुसरी. पळालं तर कुठल्या झुडपापाशी शेवटचं दिसलं ते मनात पक्कं करा. मग अर्धा तास बसून राहा. हे सर्वांत अवघड. लगेच मागे गेलात तर पन्नास यार्डांवर बसलेलं जनावर उठतं आणि अर्धा मैल जातं. उतरल्यावर ते उभं होतं तिथे जा आणि केस, रक्त बघा. गुलाबी फेसाळ रक्त म्हणजे फुफ्फुस, जवळच सापडेल. गडद लाल म्हणजे यकृत, आणखी दोन-तीन तास थांबा. हिरवट घाण आणि वास म्हणजे पोट. मग सहा तास तरी जाऊ नका, आणि बऱ्याच काउंटींत मागावरचा कुत्रा चालतो, तो असलेल्या माणसाला फोन करा. रक्त नसलं म्हणून ‘चुकलं’ असा निष्कर्ष .२२३च्या बाबतीत कधीच काढायचा नाही. ज्या दिशेने गेलं त्या दिशेने शंभर यार्डांपर्यंत प्रत्येक झुडूप बघायचं. मी रक्ताशिवाय चार हरणं अशीच शोधलीत, चारही साठ-सत्तर यार्डांत, फुफ्फुसं फुटलेली.

सापडलं की आधी टॅग, म्हणजे परवान्याबरोबरची चिठ्ठी, लावा. मग उशीर न करता आतडी काढून आत बर्फ. तिथे नोव्हेंबरातही दुपार पंचवीस अंशांवर जाते.

सराव म्हणाल तर सहा इंची कागदी प्लेट. शंभर यार्डांवर, बेंचवरून नाही, खुर्चीत बसून, चौकटीवर नळी टेकवून. पाचातल्या पाच आत. एकही बाहेर गेली तर पुन्हा. जिना दोनदा चढून-उतरून धापा टाकत तेच करा, कारण हरीण आल्यावर श्वास तसाच असतो. .२२३ची सरावाची काडतुसं स्वस्त आहेत, दोनशे झाडा. शेवटच्या वीस मात्र शिकारीच्याच गोळ्या असू द्या, त्यांचा नेम वेगळ्या जागी बसतो.

आता दुसरा सहकारी, .३०८वाला. एकटेच बसणार असाल, तर त्याचं निम्मं ऐका. .३०८ नको, .२४३ मागून आणा. तिची १०० ग्रेनची गोळी ३,००० फुटांच्या आसपास निघते, ऊर्जा .२२३च्या दीडपट, आणि धक्का तरीही .३०८च्या जवळपास निम्मा. थोड्या तिरक्या हरणावरही ती निभावून नेते आणि पलीकडे भोक बहुधा पाडते. पहिल्या दोन हंगामांसाठी माझी शिफारस हीच असती, पण उधारीच्या रायफलला कोण नावं ठेवणार.

आज त्या पहिल्या सहकाऱ्याला एकच विचारा. रायफलबरोबर काडतुसांचा जो डबा देणार आहे त्याचा फोटो काढून पाठव म्हणावं.